जव उभा राहू द्या

बटाट्याची काढणी आटोपली होती, हिवाळी पावसाला अजून अवकाश होता आणि चढावरचे शेत उघडेबोडके पडले होते, अशा एका रविवारी सकाळी वरच्या घराच्या स्वयंपाकघरात घरातील चार माणसे बसली आणि त्या शेतात जव पेरावा असे ठरले. चौघे म्हणजे जमिनीची मालकीण असलेली म्हातारी. तिचा थोरला मुलगा, ज्याला घरीदारी सारे कारभारी म्हणत. धाकटा मुलगा, जो दूधसंघाचा टँकर चालवीत असे. आणि त्या धाकट्याची बायको, जिला सगळे नुसते धाकटी म्हणत. सूचना धाकटीची होती. ती मांडताना तिच्या मनात सूड नव्हता, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. कारण पुढे जे घडले त्यावरून अनेकांनी असा निष्कर्ष काढला की हा सारा डाव तिने पहिल्यापासून रचला होता, आणि तो निष्कर्ष साफ चुकीचा आहे. तिला पाणी हवे होते. सूड नंतर आला, आणि तोही आयता.

जमिनीची रचना अशी होती. वर चढावर शेत, शेताच्या कडेला म्हातारीचे आणि कारभाऱ्यांचे घर, आणि उताराच्या तळाशी धाकट्याचे घर. त्या घरामागे विहीर. बटाट्याला कारभारी नत्रखत सढळ हाताने घालीत. पीक आपल्यापुरते घेई, उरलेले मातीत राही, आणि बटाटा निघाल्यावर जमीन मोकळी पडली की हिवाळी पाऊस ते विरघळवून निमूटपणे खाली नेई. त्याची वाट ठरलेली होती. पाणी तपासायला येणाऱ्या बाईंनी ती वाट याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोट ओढून दाखवली होती: इथे शेत, इथे उतार, इथे विहीर. जवासारखे तृणधान्य पावसाआधी पेरले तर त्याच्या दाट मुळ्या हे मोकळे नत्र वाटेतच उचलतात आणि पाल्यात साठवून ठेवतात. पुढे तो पाला वेळेवर मातीत गाडला, की तेच नत्र पुढल्या पिकाला मिळते.

"म्हणजे विकायचा नाही, खायचा नाही, नुसता उगवायचा आणि पुरायचा," कारभारी म्हणाले. "बियाणं विकणाऱ्याची चंगळ आहे."

"वाटाण्याचे वेल गाडतोसच की तू," म्हातारी म्हणाली.

"वाटाण्याची गोष्ट वेगळी, आई. वाटाणा जेवढा माजेल तेवढं जमिनीला खत. जव म्हणजे गवत आहे, गवत!"

"गवत तर गवत. पेर."

"तुझी जमीन, तुझा हुकूम. मी आपला गडी."

"गडी इतकं बोलत नाही," म्हातारी म्हणाली, आणि बैठक संपली.

धाकटी त्या बैठकीत एकच वाक्य बोलली होती, आणि बोलताना तिने कारभाऱ्यांकडे पाहिले नव्हते. तीन वर्षे ती त्यांच्याकडे पाहत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला होता. बाळंतपणानंतर ती तापाने अंथरुणाला खिळली, अंगावरचे दूध आटले, आणि मुलाला डब्यातले दूध विहिरीच्या पाण्यात कालवून पाजण्याची वेळ आली. काही आठवड्यांनी मुलाचे ओठ आणि नखे निळसर दिसू लागली. नवरा टँकर घेऊन बाहेरगावी गेलेला. ती मुलाला छातीशी धरून चढ चढली आणि वरच्या घराच्या दारात उभी राहिली. कारभाऱ्यांनी मुलाकडे पाहिले, नखे पाहिली, आणि ज्या ठामपणाने ते बटाट्याचा रोग ओळखीत त्याच ठामपणाने निदान केले.

"पाणी कच्चं राहत असेल. चांगलं उकळ. निम्मं होईपर्यंत आटव, मग पाज."

तिने आटवले. शेगडीसमोर उभी राहून, पातेल्यातली पाण्याची रेघ खाली उतरताना पाहत, ती रोज पाणी निम्मे करी. आणि मूल रोज अधिक निळे होई. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. पाणी तपासणाऱ्या बाई नंतर आल्या, तेव्हा त्यांनी सांगितले की उकळण्याने जंतू मरतात, पण नत्रखतातून पाण्यात उतरलेले नायट्रेट मरत नाही; पाणी वाफ होऊन जाते आणि ते मागे उरते. पाणी निम्मे केले म्हणजे विष दुप्पट केले.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती, तर ते अज्ञान ठरले असते, आणि अज्ञानावर सूड उगवण्याइतकी ती उथळ नव्हती. परंतु मुलाला पुरून आल्यावर अंगणात शेजारीपाजारी जमले होते, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी विचारले, असे कसे झाले. तेव्हा कारभारी सुस्कारा सोडून म्हणाले, "पाणी नीट उकळलं नसणार. आजकालच्या मुलींना घाई."

ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान वळवली. त्या मान वळवण्यात सारे होते: आपण काय सांगितले होते हे त्यांना आठवत होते. पुढे पाणी तपासणाऱ्या बाईंचे म्हणणे त्यांनीही ऐकले. ऐकून टोपी डोक्यावर ठेवली आणि ते शेताकडे निघून गेले. ते वाक्य मात्र गल्लीत फिरत राहिले. पाववाल्याची बायको आजही धाकटीला दिसली की मायेने सांगे, "पाणी उकळून घेत जा हं, बाई." आणि धाकटी, पिण्याच्या पाण्याचे कॅन गावाच्या नळावरून वाहून आणता आणता, मान डोलवी.

तिला त्यांचे पैसे नको होते, जमीन नको होती, माफीसुद्धा नको होती. ज्या तोंडाने ते वाक्य उच्चारले त्याच तोंडाने, त्याच लोकांसमोर, ते मागे घेतले जावे, एवढेच तिला हवे होते. आणि ते होत नाही हे दिसल्यावर, निदान तेच वाक्य त्यांच्या गळ्यात घालावे अशी एक लहानशी, टोकदार इच्छा तिच्यात राहिली होती.

जव उगवला. पावसाच्या झडी आल्या आणि गेल्या, चढ हिरवागार राहिला, आणि हिवाळा सरता सरता पाणी तपासणाऱ्या बाईंनी विहिरीच्या काठावर आपली काचेची नळी उजेडात धरून पाहिली.

"उतरतंय," त्या म्हणाल्या. "चांगलंच उतरतंय. अजून प्यायचं नाही हं. पण असंच राहिलं तर उन्हाळ्यात बघू."

धाकटीने पोटावर हात ठेवला. तिला पुन्हा दिवस गेले होते. हे मूल कॅनच्या पाण्यावर वाढवायचे नाही, घरच्या पाण्यावर वाढवायचे, असे तिने ठरवले होते. आणि आता प्रथमच ते शक्य दिसत होते.

येथपर्यंत सारे सरळ होते. वाकडे वळण आले ते एका अशा ज्ञानामुळे, जे घरात फक्त तिच्यापाशी होते. मागल्या वर्षी तिने आपल्या परसात जव लावून पाहिला होता. अर्धा गुडघ्याएवढा कोवळा असताना गाडला. उरलेला, तिची कंबर धरल्यामुळे, कणसे बाहेर पडेपर्यंत तसाच राहिला आणि मग गाडला. वर मका टोचला. कोवळ्या जवावरचा मका काळपट हिरवा झाला. राठ जवावरचा मका पिवळा, खुरटा, हाताच्या वितीएवढाच राहिला. पाणी तपासणाऱ्या बाईंनी कारण सांगितले होते. कोवळा पाला लगेच कुजतो आणि नत्र सोडतो. जव राठ झाला की तो काड होतो, आणि काड कुजवताना मातीतले जिवाणूच असेल नसेल ते नत्र खाऊन टाकतात. पीक उपाशी राहते. वाटाण्याचे उलट असते, कारण वाटाण्याच्या अंगात मुळातच नत्र फार.

कारभाऱ्यांना वाटाणा ठाऊक होता. जव ठाऊक नव्हता.

एका सकाळी ती कॅन घेऊन चढाच्या कडेने येत असताना ते बांधावर उभे होते. ट्रॅक्टरला नांगर जोडलेला होता. जव गुडघ्याला लागला होता. वाऱ्याने तो एका अंगाला झुके आणि पुन्हा सरळ होई.

"काय धाकटे," ते म्हणाले. चांगल्या पिकासमोर माणसाला वैरी आठवत नाहीत. "नावं ठेवली मी, पण दिसायला काय दिसतोय बघ! उद्या गाडीन म्हणतो."

'उद्याच गाडा,' हे उत्तर तिच्या जिभेवर होते. ते योग्य उत्तर होते, आणि दुसऱ्या कोणत्याही माणसाला तिने ते दिले असते. तिने कॅन खाली ठेवला, आणि तीन वर्षांत प्रथमच ती त्यांच्या डोळ्यांत पाहून हसली.

"इतका झकास आलाय आणि लगेच गाडायचा? जव उभा राहू द्या, भाऊजी. जितका माजेल तितकं खत."

"तेच माझ्या मनात होतं!" कारभारी खुलले. "वाटाण्याचं गणित. शिकलीस हो तू. आता पक्की शेतकरीण झालीस."

"तुमच्याकडूनच शिकले," ती म्हणाली, कॅन उचलला आणि उतार उतरू लागली.

त्या दिवसापासून तिची भूक वाढली. सकाळी खिडकी उघडली की ती आधी चढाकडे पाही. देठ ताठ झाले, पात्यांच्या बेचक्यात कणसे फुगली, मग त्यांच्या मिशा बाहेर आल्या. बियाण्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून कारभारी आपल्या जवाची उंची छातीवर हात ठेवून दाखवीत, आणि हे नवऱ्याने येऊन सांगितले की ती भांडी घासता घासता मान खाली घालून हसे.

"तुला बरं वाटतंय वाटतं हल्ली," नवरा म्हणाला.

"हवा बदलली," ती म्हणाली.

भांडी घासताना ती एक वाक्य घोळवीत असे. त्यातला एकेक शब्द तिने पारखून घेतला होता. दुसऱ्याचाच माल होता. तिने त्यात फक्त तीन शब्द बदलले होते.

शेवटी जव गाडला गेला, इतका दांडगा की नांगरात गुंतून दोनदा ट्रॅक्टर थांबला. त्यावर मका पेरला. मका उगवला, चार पाने काढून बसला, आणि मग पिवळा पडू लागला. आधी कडेने, मग मधोमध. आणि मग सारा चढ आजाऱ्याच्या डोळ्यांसारखा दिसू लागला. शेजारच्या शेतांतला मका मांडीला लागला तेव्हा यांचा अजून घोट्याशी घुटमळत होता. बाजारच्या दिवशी जाणारे-येणारे फाटकापाशी थांबून पाहू लागले. बियाण्याचा दुकानदार आला, पाववाला आणि त्याची बायको आली, आणखी दोघे-तिघे जमले. कारभारी एक रोप उपटून मुळे उलटीसुलटी करीत होते.

"किडीचं काही दिसत नाही," दुकानदार म्हणाला. "बियाणंही तेच, सगळ्यांना दिलेलं. असं कसं झालं हो?"

धाकटी फाटकाला टेकून उभी होती. प्रश्न शब्दशः तोच आला होता. इतकी अचूक संधी माणसाला आयुष्यात एकदाच मिळते.

"जव नीट गाडला नसणार," ती सुस्कारा सोडून म्हणाली. "आजकालच्या माणसांना घाई."

दुकानदाराने मान डोलवली. पाववाल्याची बायको "असेल, असेल" म्हणाली. परंतु कारभाऱ्यांच्या हातातले रोप खाली पडले. त्यांनी मान वर केली. आणि तिने या खेपेस त्यांना मान वळवू दिली नाही, डोळ्यांनी धरून ठेवली. त्यांना वाक्य ओळखू आले होते. चेहऱ्यावरचा रंग उतरत जाताना तिने पाहिला, आणि ती खालच्या घरी जाऊन पोटभर जेवली.

तो आनंद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. दुपारी ट्रॉली चढ चढताना तिला दिसली. ट्रॉलीवर पोती होती: नत्रखताची, पांढरी, एकावर एक रचलेली, बटाट्याला लागत त्याहूनही अधिक. पश्चिमेकडे ढग भरून आले होते.

सुडाची सारी आखणी तिने केली होती, पण उपाशी पीक पाहून शेतकरी काय करतो एवढी एक साधी गोष्ट तिच्या हिशेबातून सुटली होती. हे खत मातीवर पडेल, रात्रीत पाऊस येईल. घोट्याएवढ्या मक्याला त्यातले चिमूटभर पेलेल आणि बाकीचे आपल्या जुन्या वाटेने खाली येईल. इथे शेत, इथे उतार, इथे विहीर. पोटातल्या मुलाने लाथ मारली.

ती चढ चढली. तीन वर्षांपूर्वी ज्या दारात उभी होती त्याच दारात ती उभी राहिली. म्हातारी टेबलाशी शेंगा सोलत होती. कारभारी जोडे घालून निघायच्या बेतात होते. नवरा पोती उतरवायला आला होता आणि पाणी पीत होता.

"पोती फोडू नका," ती म्हणाली.

"आता तू मला शिकवणार?" कारभारी म्हणाले. "काल फाटकापाशी पुष्कळ शिकवलंस."

"पाऊस आला की सगळं विहिरीत येईल."

"आणि मका? मक्याने काय खावं? तुझं बोलणं?"

"काड कुजलं की सुटेल नत्र. थोडा सावरेल मका. पूर्ण नाही सावरायचा."

"तुला काय ठाऊक?"

"मागच्या वर्षी परसात केलं होतं मी. कोवळा गाडला तर मका चांगला येतो. कणसावर आलेला गाडला तर पिवळा पडतो." तिने श्वास घेतला. "मला ठाऊक होतं. तुम्ही बांधावर उभे होतात तेव्हाही ठाऊक होतं."

नवऱ्याने पेला खाली ठेवला.

"ऐकलंस, आई?" कारभाऱ्यांचा आवाज चढला. "मुद्दाम! माझ्या तोंडावर हसून, भाऊजी भाऊजी करून! जव उभा राहू द्या म्हणे! सगळा हंगाम घालवला हिने माझा. आणि आता हिच्या विहिरीसाठी मी हात बांधून बसू? सर रे बाजूला, आत्ताच्या आत्ता फोडतो पोती."

"दादा, थांब," धाकटा म्हणाला. तो दारात आडवा उभा राहिला. टँकरवाला मोठ्या भावासमोर असा उभा राहिल्याचे कोणी पूर्वी पाहिले नव्हते.

"बस," म्हातारी थोरल्याला म्हणाली. तो बसला नाही, पण थांबला. मग ती सुनेकडे वळली. "का केलंस?"

"त्यांना ठाऊक आहे का केलं ते."

"मी तुला विचारतेय."

"कारण मी पाणी उकळलं होतं, आई." धाकटीचा आवाज खाली होता आणि अजिबात कापत नव्हता. "निम्मं होईपर्यंत आटवलं होतं. सांगितलं तस्सं. आणि ज्यांनी सांगितलं, त्यांनीच अंगणात सगळ्यांसमोर म्हटलं की मी उकळलं नाही."

"कोणी सांगितलं होतं आटवायला?"

हे उत्तर आपण द्यायचे नाही, असे धाकटीने तीन वर्षांपूर्वीच ठरवले होते. म्हातारी थोरल्याकडे पाहत राहिली. कारभाऱ्यांनी टोपी काढली, तिची कड बोटांनी चाचपली, पुन्हा घालायला उचलली आणि मग टेबलावर ठेवली.

"मी," ते म्हणाले.

"मोठ्याने बोल."

"मी सांगितलं होतं. याच दारात. आटव म्हणालो." मग ते म्हणाले, "मला काय ठाऊक होतं, पाण्यात काय आहे ते?"

"तेव्हा नव्हतं. नंतर कळलं ना? त्या तपासणीच्या बाई इथेच बसून बोलल्या. मग गल्लीत जाऊन का नाही सांगितलंस?"

धाकटीला वाटले होते की हा क्षण आला की छातीतली गाठ सुटेल. गाठ तशीच होती. फक्त ती आता एकटीची राहिली नव्हती. बाहेर ट्रॉलीवरच्या ताडपत्रीवर पहिले थेंब वाजू लागले.

म्हातारीने सोललेल्या शेंगांची टरफले एका बाजूला लोटली.

"पोती ताडपत्रीखालीच राहू देत. उद्या दुकानदाराकडे परत जातील," ती म्हणाली. "मका आहे तसा राहील, जे येईल ते येईल. पुढल्या वर्षी जव गुडघ्याला लागला की गाडायचा, आणि तोही हिने सांगितल्यावरच. उद्या फाटकापाशी जाऊन तू सांगायचंस, उकळायला कोणी सांगितलं होतं ते. पाववाल्याच्या बायकोला आधी सांग, म्हणजे पुन्हा कोणाला सांगावं लागणार नाही." मग ती सुनेकडे वळली. "आणि तू वाईट केलंस. पिकावर राग काढलास. जव कोणी उभा ठेवायला लावला, ते तूही तिथेच सांगायचंस."

"सांगेन," धाकटी म्हणाली.

कारभाऱ्यांनी एकदा खिडकीतून चढाकडे पाहिले. पावसात पिवळा रंग अधिकच उठून दिसत होता.

"म्हणजे झाली की फिटंफाट," ते पुटपुटले. "मी तिला फसवलं, तिनं मला."

"नाही," म्हातारी म्हणाली. "तुझा मका गेला. तिचं मूल गेलं."